हातात येण्याआधीचा गेम

चाळिशी ओलांडलेला माणूस अजून न आलेल्या एखाद्या गेमबद्दल भरभरून बोलायला लागला, की समोरच्याच्या चेहऱ्यावर दोनपैकी एक भाव उमटतो. घरच्यांचा असतो तो ‘याचं पोरपण कधी संपणार’ हा. त्याची आता सवय झाली आहे आणि त्यावर वाद घालण्यात हशीलही नाही. दुसरा भाव आपल्याच वयाच्या, आपल्याबरोबर रात्री जागवलेल्या जुन्या गेमरांचा असतो: ‘इतकी वर्षं खेळतोयस, आणि अजून ट्रेलरला भुलतोस?’ हा मात्र मला खटकतो. त्यात शहाणपणाचा एक आव आहे आणि तो अर्धाच खरा आहे.

खरा अर्धा भाग आधी मान्य करून टाकू. ‘ड्यूक न्यूकम फॉरएव्हर’ १९९७ मध्ये जाहीर झाला आणि २०११ मध्ये आला. मधल्या काळात त्याची वाट पाहणाऱ्या पोरांना पोरं झाली, आणि गेम निघाला असा की तो शेवटपर्यंत खेळणाऱ्याच्या चिकाटीचं कौतुक करावं. ‘द एल्डर स्क्रोल्स ६’ची जेमतेम अर्ध्या मिनिटाची झलक २०१८ मध्ये दाखवली, डोंगर, ढग, संगीत आणि नाव. त्या ढगांवर लोकांनी नकाशे रचले, हा प्रदेश कोणता यावर भांडणं केली. बाजारात तुरी, म्हणतात ते हेच. ‘सायबरपंक २०७७’बद्दल तर पुढे बोलायचंच आहे. एवढे चटके बसल्यावर जुना गेमर म्हणतो, उत्साहच नको. दोन वर्षांनी सेल लागेल, सगळे पॅच आलेले असतील, तेव्हा घ्यावा आणि खेळावा.

घ्यायच्या बाबतीत हे शंभर टक्के पटतं. उत्साहाच्या बाबतीत अजिबात नाही. उत्सुकता वेगळी आणि पैसे वेगळे. त्या दोहोंची गाठ गेम विकणाऱ्यांनी मारली आहे, आणि माझे मित्र ती गाठ सोडवायची सोडून उत्सुकताच फेकून द्यायला निघाले आहेत.

ही उत्सुकता नेमकी कशाची असते ते आधी पाहू. सिनेमाचा ट्रेलर हा सिनेमाचाच तुकडा असतो. तुकडा फसवा असेल, पण पडद्यावर पाहायची वस्तू आपण पडद्यावरच पाहिलेली असते. गेमचं तसं नाही. बटण दाबल्यावर पात्र किती झटकन उडी मारतं, हवेत असताना त्याला वळवता येतं का, तलवार लागल्यावर चित्र क्षणभर थबकून घावाला वजन देतं का, गाडी वळणावर मागून किती घसरते, अशा गोष्टींवर गेम उभा असतो. यातलं काहीच ट्रेलरमध्ये कळत नाही, कळतं ते बोटांना. ट्रेलर पाहणाऱ्याला गेमचं दिसणं तेवढं मिळतं. खेळणं त्याला पदरचं घालावं लागतं. आणि तो ते घालतोच. वर्षानुवर्षं खेळलेल्या माणसाकडे त्याचा साठा असतो. इथे भिंतीला धरून चढता येणार, इथे पावसात पाय घसरणार, या गल्लीतून पोलिसांना चुकवता येणार, असं त्याची बोटं आधीच ठरवून मोकळी होतात. म्हणजे येणारा गेम निम्मा तरी आपणच बनवलेला असतो. वाट पाहण्यातली गंमत इथली आहे आणि नंतरच्या निराशेचं मूळही इथलंच.

हे फक्त खेळणाऱ्यांचंच होतं असं समजू नका. ‘अँथम’ नावाचा मोठा गेम २०१७ मध्ये ईथ्री या जत्रेत दिमाखात दाखवला गेला. यंत्रकवच घातलेला माणूस कड्यावरून झेप घेतो आणि जंगलावरून उडत जातो, असा तो व्हिडिओ. गेम २०१९ मध्ये आला आणि आपटला. मग जेसन श्रायर या पत्रकाराने आतल्या माणसांशी बोलून लिहिलं तेव्हा कळलं, की आपण नक्की काय बनवतो आहोत हे खुद्द बनवणाऱ्यांपैकी अनेकांना तो व्हिडिओ पाहून समजलं होतं. गेमचं नाव ‘बियॉन्ड’ ठरलं होतं, त्याचे टी-शर्टही छापून झाले होते; कायद्याच्या अडचणीमुळे कार्यक्रम तोंडावर आला असताना ते बदललं. उडायचं ठेवायचं की काढायचं यावर वर्षानुवर्षं घोळ चाललेला. त्या अर्ध्या-कच्च्या व्हिडिओत जो गेम जगाला दिसला, तो तेव्हा कुठेच अस्तित्वात नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये ‘अँथम’चे सर्व्हर कायमचे बंद झाले. आता तो कुणालाच खेळता येत नाही, पण तो ट्रेलर मात्र अजून पाहता येतो आणि अजूनही भारी वाटतो.

उलट बाजूही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘जीटीए ६’चे बनत असतानाचे नव्वदेक व्हिडिओ चोरून पसरवले गेले. रंग न दिलेल्या भिंती, पडद्यावर सगळीकडे आकडे आणि चौकटी, अर्धवट हालचाली. बघ्यांनी लगेच नाकं मुरडली: हे काय ग्राफिक्स? गेममध्ये सर्वांत आधी ग्राफिक्सच पूर्ण होतात, असंही एकाने ठासून सांगितलं. त्यावर जगभरचे गेम बनवणारे एवढे हसले, की त्यांनी आपापल्या गाजलेल्या गेमांचे सुरुवातीचे ओबडधोबड व्हिडिओ लोकांसमोर टाकले. ‘कंट्रोल’सारख्या देखण्या गेमचाही त्यात राखाडी खोक्यांनी भरलेला अवतार होता. मला तो सगळा प्रकार फार आवडला. वाट पाहणाऱ्याने खरं तर हेच पाहायला हवं. पडद्यामागचं पाहून ज्याचा उत्साह मावळतो, त्याला गेमपेक्षा जाहिरात जास्त आवडते असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

भारतात वाढलेल्या माझ्या पिढीचं ‘नवा गेम’ हे प्रकरणही जरा वेगळं होतं. अमेरिकेत गेम कधी आला याच्याशी आमचा संबंध नसायचा. सायबर कॅफेवाल्याने तो मशीनवर टाकला, की तो नवा. तासाचे वीस रुपये असले, तर दहा रुपयांत अर्धा तास ‘जीटीए’ मालिकेतल्या ‘व्हाइस सिटी’त मोटरसायकल पळवायची आणि उरलेला अर्धा तास मागे उभं राहून दुसऱ्याची पाहायची. तो गेम कायद्याने विकत घेतलेला नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाच्या गावीही नव्हतं. घरी कॉम्प्युटर आला तेव्हा खोक्याच्या पाठीवरच्या ‘मिनिमम रिक्वायरमेंट्स’ वाचायची सवय लागली. ‘व्हाइस सिटी’ला ३२ एमबीचं ग्राफिक कार्ड हवं. आपल्याकडे काय आहे? ऑनबोर्ड. म्हणजे संपलं. मग कार्डासाठी घरी विषय काढायचा, अभ्यासाला लागतं असं सांगायचं. वाट पाहणं म्हणजे आमच्याकडे बचत आणि लबाडी यांचा मिळून एक उद्योग होता.

त्या काळातली एक गोष्ट मात्र आजच्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक होती: डेमो. २००१ साली सुरू झालेल्या ‘डिजिट’ मासिकाबरोबर सीडी यायची. प्लास्टिकच्या पातळ पाकिटात, अंकाला चिकटवलेली. स्टॉलवर उभं राहून आधी तिच्यावर काय काय आहे ते वाचायचं, मग अंक घ्यायचा की नाही ते ठरवायचं. सीडीत अँटिव्हायरस, वॉलपेपर, कसली कसली सॉफ्टवेअर आणि तळाशी गेमचे डेमो. डेमो म्हणजे गेमची एकच लेव्हल, एकच ट्रॅक, एकच मॅच. ती आम्ही झिजेपर्यंत खेळायचो. शत्रू कुठल्या खांबामागून येतो हे पाठ व्हायचं. मग त्याच लेव्हलमध्ये नवे नियम लावायचे: बंदूक न वापरता जायचं, उलट दिशेने गाडी न्यायची. पुढचा गेम कसा असेल याचं चित्र या एका लेव्हलवरून बांधलं जायचं, आणि ते सहसा बरोबर निघायचं, कारण बोटांना मूळ वस्तू मिळालेली असायची. डेमो आवडला नाही तर गेमचा विषय संपला. कुणी फसलं नाही, कुणी चिडलं नाही.

पुढे मोठ्या कंपन्यांनी डेमो देणं जवळजवळ बंदच केलं. कारण उघड आहे. डेमो बनवायला वेळ आणि पैसा लागतो, आणि वाईट डेमोमुळे गिऱ्हाईक हातचं जातं. ट्रेलरमुळे ते जात नाही. अलीकडे स्टीम या गेमांच्या ऑनलाइन दुकानात वर्षातून काही वेळा ‘नेक्स्ट फेस्ट’ भरतो, आठवडाभर शेकडो न आलेल्या गेमांचे डेमो फुकट खेळता येतात. त्यातले बहुतेक छोट्या स्टुडिओंचे असतात. माझा उत्साह सध्या जर कुठे खऱ्या अर्थाने फिरत असेल तर तो तिथे. ज्यांच्याकडे जाहिरातीला पैसे नाहीत ते आपला गेम हातात देतात, आणि ज्यांच्याकडे आहेत ते व्हिडिओ दाखवतात.

आता पैशांकडे येतो. प्री-ऑर्डरला एके काळी अर्थ होता. दुकानात डिस्कचे मोजके तुकडे यायचे, आधी पैसे दिले तर आपला तुकडा राखून ठेवला जायचा. डाउनलोडच्या जमान्यात काय संपणार आहे? पाच हजार रुपये आधी भरल्याबद्दल एक सोनेरी बंदूक किंवा घोड्याचं वेगळं खोगीर मिळतं. म्हणजे गेम कसा आहे हे जगात कुणालाच माहीत नसताना आपण पूर्ण किंमत मोजतो, आणि तो कसा आहे हे सगळ्यांना कळेल तेव्हा तोच गेम निम्म्या किमतीत मिळणार असतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, यापेक्षा वेगळं काय?

‘सायबरपंक २०७७’ हे याचं आदर्श उदाहरण. पहिली झलक जानेवारी २०१३ मध्ये. मग गवगवा, तारखा, पुढे ढकललेल्या तारखा. एकट्या २०२० मध्येच एप्रिलचं सप्टेंबर झालं, सप्टेंबरचं नोव्हेंबर आणि नोव्हेंबरचं डिसेंबर. गेम आला तेव्हा ८० लाख लोकांनी आधीच घेऊन ठेवला होता. समीक्षकांना आधी खेळायला दिली ती पीसीवरची आवृत्ती. त्यांना स्वतः खेळतानाचे व्हिडिओ दाखवायलाही सुरुवातीला मनाई होती. जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर तो कसा चालतो हे लोकांना पैसे दिल्यावर कळलं: चेहरे उशिरा उमटणारे, गाड्या हवेतून पडणाऱ्या, मध्येच बंद पडणारा. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि पुढच्या जूनपर्यंत परत ठेवला नाही. इथे ‘लोकांच्या अपेक्षाच अवाजवी होत्या’ हे म्हणणं चालणार नाही. वर म्हटलं तसं मनाने पदरचं घालणं वेगळं, आणि जे दाखवायला हवं ते जाणूनबुजून झाकून ठेवणं वेगळं. पहिल्याची जबाबदारी माझी, दुसऱ्याची विकणाऱ्याची.

पुढे तो गेम दुरुस्त झाला हे खरं. २०२३ च्या अपडेटनंतर मी खेळलो, आणि त्यातलं रात्रीचं शहर आजवर पाहिलेल्या गेमांमधल्या शहरांत पहिल्या दोन-तीनांत घालीन. ‘नो मॅन्स स्काय’चंही तसंच. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या एका लहानशा कंपनीने अब्जावधी ग्रहांचं विश्व कबूल केलं. २०१६ मध्ये गेम आला, पहिल्याच दिवशी दोघे खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले, आणि त्यांना एकमेक दिसलेच नाहीत. त्यानंतर त्या लोकांनी तोंड बंद ठेवून वर्षानुवर्षं फुकट अपडेट दिले आणि कबूल केलेलं बरंचसं, शिवाय न कबूल केलेलंही पुरं केलं. या दोन्ही कथा मला आवडतात. पण त्यांचा आता एक घातक उपयोग होऊ लागला आहे: ‘येऊ दे अर्धवट, नंतर सुधारतील.’ सगळे सुधारत नाहीत. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि दोन आठवड्यांत बंद झाला. तिथे निदान पैसे परत मिळाले.

वाट पाहण्यालाच माल बनवून विकण्याची कमाल म्हणजे ‘स्टार सिटिझन’. २०१२ पासून लोकांकडून वर्गणी घेणं चालू आहे. आजवर ८० कोटी डॉलरच्या वर जमले. अजून उडवता न येणारी अंतराळयानं लोक खऱ्या पैशांनी विकत घेतात. एक कच्ची आवृत्ती खेळता येते, तिचे चाहते खूश असतात, आणि त्यांचे पैसे त्यांचे आहेत. पण पूर्ण झालेला गेम नाही. तो पूर्ण झाला तर कदाचित धंदा कमीच होईल, असं माझ्या मनात कधीकधी येतं.

याच्या अगदी उलट टोकाला ‘सिल्कसाँग’. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडमध्ये टीम चेरी नावाची मूठभर माणसांची कंपनी आहे. त्यांनी २०१७ मध्ये ‘हॉलो नाइट’ हा किड्यांच्या उद्ध्वस्त राज्यातला, हाताने काढलेल्या चित्रांचा गेम काढला. त्याला पुरवणी म्हणून कबूल केलेला भाग वाढत वाढत स्वतंत्र गेम झाला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला. त्यानंतर बरीच वर्षं जवळजवळ मौन. प्रत्येक मोठ्या कार्यक्रमाआधी लोक स्वतःच्या चित्रांना जोकराची तोंडं चिकटवून ‘या खेपेला नक्की’ म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी स्वतःवरच हसायचे. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये तारीख आली ती दोनच आठवड्यांवरची. ४ सप्टेंबरला गेम आला, किंमत २० डॉलर, प्री-ऑर्डर नाही. जग एकदमच दुकानात शिरलं आणि स्टीमपासून निन्टेन्डोपर्यंतची ऑनलाइन दुकानं काही वेळ कोसळली. एवढा वेळ का लागला असं विचारल्यावर बनवणाऱ्यांचं उत्तर साधारण असं होतं, की बनवताना मजा येत होती आणि नवनवं सुचत होतं. या सगळ्या वर्षांत वाट पाहणाऱ्यांच्या खिशातून छदाम गेला नाही, आणि आनंद मात्र त्यांनी पुरेपूर लुटला: अफवा, विनोद, एका चित्रावरून रचलेले सिद्धांत. गेम अवघड आहे म्हणून पहिल्या आठवड्यात ओरड झाली, पहिल्याच पॅचमध्ये सुरुवातीच्या दोन बॉसची धार थोडी कमी करावी लागली. ठीक आहे. निदान ती तक्रार खेळून केलेली होती.

(त्याच सुमारास येणाऱ्या कितीतरी लहान गेमांनी घाबरून आपल्या तारखा पुढे नेल्या, हेही नोंदवायला हवं. आपल्या उत्साहाचा ओघ एकाच गेमकडे वळला, की बाजूचे कोरडे पडतात.)

यावर मित्राचा प्रश्न ठरलेला असतो: स्टीमवर तुझे न उघडलेले गेम ढीगभर पडले आहेत, ते सोडून न आलेल्याची वाट कशाला? याचं उत्तर जरा लाजिरवाणं आहे, पण देतो. खेळायला वेळ लागतो. नोकरी, घर, आईचे डॉक्टर, मुलीचा गणिताचा क्लास यातून सलग तीन तास काढायचे म्हणजे आठवडाभर आधी वाटाघाटी कराव्या लागतात. वाट पाहायला मात्र वेळ लागत नाही. ती लोकलमध्ये उभ्याने पाहता येते, गॅस एजन्सीच्या रांगेत पाहता येते. वीस वर्षांपूर्वी गेम खेळणं हा छंद होता आणि त्याची बातमी वाचणं हे तोंडीलावणं; आता आमच्या वयाच्या कित्येकांचं प्रमाण उलटं झालं आहे. हे वाईट आहे असं मला वाटत नाही. उंबरठ्यावरच्या गेमबद्दल तासभर बोलताना आम्ही जे बोलतो त्यात शहर कसं रचावं, गोष्ट कुठे थांबवावी, मृत्यूला शिक्षा असावी की नाही, असे सगळे विषय येतात. न उघडलेल्या गेमबद्दल अशी चर्चा होत नाही. त्याचं उत्तर जगाला मिळून गेलेलं असतं, आपण फक्त ते तपासायचं राहिलेलं असतं.

पण या उत्साहाला नखंही असतात, आणि ती पुण्या-मुंबईला लागलेली मी पाहिली आहेत. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हे नाव काढलं की आमच्या पिढीच्या बोटांना शिफ्टचं बटण आठवतं. जॉर्डन मेकनरने भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून पात्राची एकेक हालचाल काढली. १९८९ चा तो गेम आपल्याकडे नव्वदीच्या दशकात कॉम्प्युटर क्लासच्या आणि ऑफिसांच्या मशीनवर पसरला होता. साठ मिनिटांत संपवायचा. शिफ्ट धरून जपून एकेक पाऊल टाकायचं, कड्याला बोटांनी लोंबकळायचं, वरखाली होणाऱ्या पात्याखालून नेमक्या क्षणी निसटायचं. २००३ मध्ये युबिसॉफ्टने त्याचा ‘द सँड्स ऑफ टाइम’ हा अवतार काढला. त्यात गोष्ट सुरूच होते ती भारतातल्या एका महाराजाच्या राजवाड्यावरच्या हल्ल्यापासून. नायिका फराह ही त्या महाराजाची मुलगी, आणि हातातल्या खंजिराने वेळ मागे फिरवता येते. तर २०२० च्या सप्टेंबरमध्ये जाहीर झालं, की हा गेम नव्याने बनतो आहे आणि बनवणार आहेत युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ. इतकी वर्षं इथे प्रामुख्याने परदेशी गेमांची तपासणी, साहाय्य, दुसऱ्या मशीनवर चढवणं ही कामं होत. एवढ्या मोठ्या नावाची धुरा पहिल्यांदाच इकडे आली होती.

ट्रेलर आला आणि जगाने त्याची खिल्ली उडवली. चेहरे मेणाचे, प्रकाश सपाट, दहा वर्षं जुना वाटतो. ट्रेलर चांगला नव्हता हे मीही म्हणेन. पण खिल्लीला लगेच दुसरी धार आली: ‘भारतात स्वस्तात करून घेतलं की असंच होणार.’ आपल्याकडच्या पोरांनीही त्यात हिरिरीने भाग घेतला. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत. मे २०२२ मध्ये काम काढून मूळच्या मॉन्ट्रियल स्टुडिओकडे दिलं गेलं. नंतर २०२६ चा वायदा झाला, आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो गेमच रद्द करून टाकला. मॉन्ट्रियललाही तो पुरा झाला नाही, हे पुण्याच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांपैकी किती जणांनी लक्षात घेतलं असेल कोण जाणे. ज्या गेमचं एकही बटण कुणी दाबलं नाही, त्याला दोन मिनिटांच्या व्हिडिओवरून निकालात काढलं गेलं. ट्रेलर पाहून डोक्यावर घेणं आणि ट्रेलर पाहून पायदळी तुडवणं ही एकाच माणसाची दोन कामं आहेत. पहिलं करताना त्याला भोळा म्हणतात आणि दुसरं करताना चिकित्सक. मला दोन्हीत फरक दिसत नाही.

त्याच पुण्यात, त्या ट्रेलरच्या महिनाभर आधी, ‘राजी’ आला होता. नॉडिंग हेड्स नावाचा छोटा स्टुडिओ. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो फसला. तरी कसाबसा गेम पुरा केला. भावाला शोधायला निघालेली डोंबारी मुलगी, आणि गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू. मारामारी अडखळती आहे, शेवट घाईत उरकला आहे, पण वाड्यांच्या भिंतींवरून तिचं सुळसुळ चढणं बोटांना फार गोड लागतं. इथल्या किती जणांनी त्याची वाट पाहिली होती? माझ्या ओळखीत फारच थोड्यांनी. परदेशात तो पदार्पणाच्या पुरस्काराच्या नामांकनापर्यंत गेला.

वाट पाहण्याच्या यादीतच नसलेले गेम हा माझ्या म्हणण्यातला कच्चा दुवा आहे आणि तो मला ठाऊक आहे. कॅनडातल्या एका निनावी माणसाने एकट्याने बनवलेला ‘बालात्रो’, किंवा फ्रान्समधल्या माँपेलिएच्या नवख्या स्टुडिओचा २०२५ चा सर्वोत्तम ठरलेला ‘एक्स्पिडिशन ३३’. वर्षभर आधी यांची नावं माझ्या तोंडी नव्हती. उत्साहाने सगळं हेरता येत नाही. पण नेक्स्ट फेस्टमध्ये रमणाऱ्याला हे गेम निदान इतरांच्या आधी सापडतात, आणि ‘दोन वर्षांनी सेलमध्ये घेईन’ म्हणणाऱ्याला ते सगळ्यांच्या शेवटी. दरम्यान लहान स्टुडिओचं दिवाळंही निघालेलं असू शकतं. म्हणून लहान गेम आला त्या आठवड्यात पूर्ण किमतीत घ्यावा आणि मोठा गेम सावकाश, हा माझा उलटा हिशेब आहे.

आणि मोठा म्हणजे आता ‘जीटीए ६’. आधीचा भाग सप्टेंबर २०१३ चा. त्याच्या २० कोटींहून जास्त प्रती खपल्या. सहाव्याचा पहिला ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आला आणि एका दिवसात ९ कोटींहून जास्त वेळा पाहिला गेला. २०२५ चा वायदा मे २०२६ वर गेला, तिथून १९ नोव्हेंबर २०२६ वर. पुन्हा व्हाइस सिटी. कॅफेत ज्या किनाऱ्यावर अर्ध्या तासाच्या हिशेबाने फिरलो, तो आता माणसांनी गजबजलेला दिसतो. ट्रेलर मी चित्र थांबवून थांबवून पाहिला आहे. किनाऱ्यावरचा प्रत्येक माणूस वेगळा वागतो का, ल्युसिया आणि जेसन या दोन मुख्य पात्रांमध्ये कधीही अदलाबदल करता येईल का, पाण्याखाली काय आहे, यावर मित्राशी माझे वाद चालू आहेत आणि चालू राहतील. गेम आधी येणार तो फक्त कन्सोलवर. पाचवा भाग कन्सोलनंतर पीसीवर यायला एप्रिल २०१५ उजाडला होता, आणि माझ्याकडे पीसी आहे. म्हणजे बाकीच्या जगाचं खेळून, भांडून, पॅच येऊन झालेलं असेल तेव्हा माझी पाळी. मित्र म्हणतो, नोव्हेंबरात तू कन्सोलच घेऊन येशील. घरात त्याच्या या भाकिताला माझ्यापेक्षा जास्त मतं आहेत.